कोंबड्याच्या पायातली खूण

आमच्या घरी हॉटेलचं खाणं आता पिशवीत बांधून येतं. दुकान बंद करून येताना मी बिर्याणी आणतो, कधी डोसे, जिंतूरकडं काम निघालं तर बोरीची शेवभाजी. बायको पिशव्यांच्या गाठी सोडते, सगळं घरच्या पातेल्यांत ओतते आणि आम्ही खाली बसून जेवतो. तोवर डोसा चामड्यासारखा झालेला असतो. मी तो तसाच खातो. परभणीतल्या आणि आसपासच्या ज्या हॉटेलांत मी आवडीनं जेवलो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मी कुणाची ना कुणाची गचांडी धरलेली आहे, आणि हे पार्सल म्हणजे त्याची शिक्षा आहे.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी नाकारत नाही. पण लोक समजतात तसा मी दिवसभर पेटलेला नसतो. माझं विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची. हे काम घाईचं नाही. शेतकरी डोक्यावर उभा राहून, "मिस्तरी, पाणी तुटायलंय की ओ," म्हणून ओरडत असला तरी माझा हात हलत नाही. घरीही मी आवाज चढवत नाही, जेवताना तर नाहीच. माझं डोकं फिरायचं ते फक्त हॉटेलात. ते का, हे समजायला माझी निम्मी हयात गेली.

पूर्णेजवळच्या आमच्या गावात वडील जेवायला बसले की सगळं घर श्वास रोखून बसायचं. भाकरी जाड झाली, ताट गेलं. वरणात मीठ कमी पडलं, ताट गेलं. गेलं म्हणजे भिरकावलं. भिंतीवर, चुलीवर, बहुतेक वेळा आईच्या अंगावर. एकदा पितळीची कड तिच्या भुवईला लागली. रक्त डोळ्यात उतरलं. ते पदरानं पुसत पुसत तिनं दुसरं ताट वाढलं आणि वडिलांनी ते मुकाट्यानं खाल्लं. शेजारीण विचारायला आली तर आई म्हणाली, "माझीच चूक झाली, बाई. मीठ कमी पडलं." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. मी जेवायला कायम उंबऱ्यात बसायचो, ताट मांडीवर आणि एक पाय बाहेर. ताट उडालं की मी अंगणात. कित्येकदा तोंडातला घास गोठ्यात जाऊन गिळलाय.

त्याच सुमाराला वडील मला पूर्णेला घेऊन गेले, कशाला ते आता आठवत नाही. गाडीला उशीर होता म्हणून आम्ही स्टेशनसमोरच्या हॉटेलात पुरीभाजी खायला बसलो. भाजी खारट होती. पहिल्याच घासाला मला ते जाणवलं आणि मी बाकड्याच्या टोकाला सरकून एक पाय बाहेर काढला. वडिलांनी घास चावला, गिळला, वर पाण्याचा घोट घेतला. मग वाढप्याला म्हणाले, "दादा, अजून दोन पुऱ्या आणता का?" दादा! आईला त्यांनी कधी धड हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा सावकाश जेवलो. चार लोकांत बसलं की ताट उडत नाही एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं, आणि हॉटेल ही मला सगळ्यात भरवशाची जागा वाटायला लागली.

पुढं परभणीत दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. घरी ताट फेकायचं नाही अशी शपथ मी कुणाला न सांगता घेतली होती, आणि ती पाळली. पण हॉटेलात पाऊल टाकलं की मला ती पूर्णेची शांतता हवी असायची, आणि ती कुणी मोडली की तळपायाची आग मस्तकात. शांतता मोडली म्हणून मी टेबलं उलथवायचो. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

बसस्टँडकडच्या इडली-डोशाच्या हॉटेलात आमच्या मागून आलेल्यांना आधी डोसे दिले. मी वाढप्याला दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, सांबाराची वाटी भिंतीवर मारली. बिर्याणीच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरचा एकजण फोनवर बायकोला शिव्या देत होता, मोठमोठ्यानं, घास चावता चावता. मी उठलो, त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्याच्याच दह्याच्या चटणीत बुडवला. त्यानं मला ढकललं, मी त्याला आदळलं. त्याच्या डोक्यानं काचेचं कपाट फुटलं आणि आतले डबल का मीठाचे, म्हणजे पाकातल्या गोड पावाचे ट्रे फरशीवर आले. मग त्या पाकात तो घसरला, मी घसरलो, सोडवायला आलेले घसरले. काचा तळहातात रुतल्या. हॉटेलवाल्यानं मला हाताला धरून उठवलं आणि म्हणाला, "भाई, तुम घर पे खाव ना. हमारे पेट पे कायकू लात मारते?" मुलगी तेव्हा बायकोच्या कडेवर होती.

बोरीचा प्रकार सगळ्यात वाईट झाला. शेवभाजी खात होतो. मुलगी सात-आठ वर्षांची, खुर्चीवर बसून पाय हलवत होती. एका धिप्पाड माणसाला पलीकडं जायचं होतं. त्यानं तोंडानं सांगायच्या ऐवजी तिच्या खुर्चीला लाथ घातली आणि खुर्ची बाजूला सरकवली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. तो खाली, मी त्याच्या छातीवर. त्याच्या तोंडात मारलेली बुक्की. त्याचा दात माझ्या मधल्या बोटाच्या मुळाशी रुतला, तिथं अजून पांढरा डाग आहे. मी मारत होतो आणि मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू? चार जणांनी मला ओढून काढलं तेव्हा त्या माणसाची हनुवटी लाल झाली होती आणि शेवभाजीचा रस्सा कुठला, रक्त कुठलं, काही समजत नव्हतं.

बोरीच्या थांब्यावर बसची वाट बघत असताना बायको बोलली. आवाज अगदी खाली.

"ह्याच्यापुढं एकदा जरी हॉटेलात हात उचललात, तर मी आन् पोरगी परत तुमच्यासंगं बाहेर ताटाला बसणार न्हाई. कधीच न्हाई."

"त्यानं तिच्या खुर्चीला लाथ मारली, दिसलं न्हाई का तुला?"

"मारली की. पण ती रडायली ते त्याला भिऊन न्हाई. तुमाला भिऊन रडायलीय."

मी वळून मुलीकडं बघितलं तर ती आईच्या पलीकडं सरकली. ते माझ्या काळजात घुसलं. तिथंच मी शब्द दिला, आणि तीन वर्षं तो पाळला. राग आला की उठायचो, बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरायचो, परत येऊन गार झालेलं खायचो. मुलगी पुन्हा माझ्या बाजूला बसायला लागली. आपण सुधारलो, असं मी लोकांना सांगायचोसुद्धा.

मग ती पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पास झाली. काय पाहिजे म्हणून विचारलं तर सायकल नाही, घड्याळ नाही, म्हणाली, "पप्पा, मामांच्या ढाब्यावर जाऊ. गावाकडच्या आजीचा कोंबडा घेऊन."

जिंतूर रस्त्यावर झरीच्या अलीकडं तो ढाबा आहे. तिथं कोंबडा तुमचा आणि मसाला त्यांचा. गावाकडून गावरान कोंबडा आणून जिवंत द्यायचा आणि दोन तासांनी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी खायची. पण एकाच वेळी चार-पाच जणांचे कोंबडे आले तर कुणाचा कुठला? आणि गावरान बाजूला काढून बॉयलर गळ्यात मारला तर? म्हणून तिथली रीत अशी, की प्रत्येकानं आपल्या कोंबड्याच्या पायाला खूण बांधून द्यायची. कुणी चिंधी बांधतं, कुणी सुतळी. कापल्यावर ढाबेवाला ते पंजे खुणेसकट वेगळे ठेवतो आणि रस्सा वाढायच्या आधी एका ताटलीत आणून दाखवतो. आपण पंजा बघायचा, मान हलवायची, मग वाढणं सुरू. ढाबेवाले सत्तरीकडं झुकलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या बोअरची मोटार मी तीनदा भरून दिलेली, त्यामुळं ते मला मिस्तरी म्हणायचे आणि भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकायचे.

चिंधी काय, कुणीही बांधतं. मी मोटारीतली तांब्याची तार घेतली, कोंबड्याच्या पायाला तीन वेढे दिले आणि पक्कडीनं पीळ मारला. जिल्ह्यात अशी खूण दुसरी निघणार नाही म्हणून मी खूश होतो. बायको म्हणाली, "आहो, कोंबडा हाय त्यो, मोटार न्हाई." मी हसलो.

शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती. मुलगी गणवेशातच, दोन वेण्या, लाल रिबिनी. मोटारसायकलवर आम्हा दोघांच्या मधे बसली, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेली कोंबड्याची मान. वाटभर ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती. ढाब्यावर पोचलो तसा मी लिंबाखालच्या बाजेवर पडलो, बायको पलीकडच्या बाजेवर आडवी झाली आणि मी मुलीला म्हणालो, "जा, मागं मामाकडं देऊन ये." तिला यायला जरा वेळ लागला.

"पप्पा, एक सांगू?"

"जेवल्यावर सांग."

"रागवणार न्हाई ना?"

"आज कुणावर रागवायचं न्हाई," मी म्हणालो. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, मोटार पाणी ओढेना म्हणून. त्याच्याशी बोलण्यात अर्धा तास गेला आणि तिचं सांगणं राहून गेलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा मामा आले. एका हातात रश्श्याचं पातेलं, दुसऱ्या हातात ताटली. ताटलीत दोन पंजे, आणि एका पंजाला रक्तानं काळी पडलेली कसलीशी पट्टी. तार नव्हती.

"मामा, हे आमचं न्हाई."

"तुमचंच हाय की ओ, मिस्तरी."

"मग माझी तार कुठाय?"

"कसली तार? जे बांधून आलं तेच हाय."

बाकीच्या बाजांवरचे लोक जेवायचे थांबून बघायला लागले होते. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं. "मला बॉयलर खाऊ घालायलाव का?" मी म्हणालो. मामा हसले, आणि ताटली बाजेवर टेकवून त्यांनी तो पंजा उचलून माझ्या तोंडासमोर धरला. "आहो, नख्या बघा की. बॉयलरला असल्या नख्या असत्यात का?" त्यांचं म्हणणं खरं होतं. वाकडी, मातीत उकरून झिजलेली नखं समोर होती आणि मला दिसली नाहीत. मला फक्त ते हसणं दिसलं. मुलगी माझी बाही ओढत होती. "पप्पा." पुन्हा, "पप्पा, ऐका ना." तिसऱ्यांदा तिनं ओढली तेव्हा मी हात असा झटकला की ती बाजेवर मागं पडली.

बाजेवर पाण्यानं भरलेला स्टीलचा जग होता. तो मी मामांच्या तोंडावर मारला. नारळ फुटल्यासारखा आवाज आला. त्यांची भुवई उघडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पातेलं सुटलं, उकळता रस्सा त्यांच्या पायांवर सांडला आणि ते म्हातारं माणूस जागच्या जागी नाचायला लागलं. मी जग पुन्हा उचलला आणि पुन्हा मारला, या वेळी खांद्यावर. तोवर त्यांचे दोन पुतणे चुलीतली लाकडं घेऊन धावत आले. पहिला तडाखा पाठीत बसला, दुसरा कोपरावर, आणि मी त्या सांडलेल्या रश्श्यात तोंडावर पडलो. डोळ्यांत तिखट गेलं. बरगडीत लाथा बसायला लागल्या. दिसत काही नव्हतं, जे मनगट हाताला लागलं ते मी दातांनी धरलं आणि तो ओरडेपर्यंत सोडलं नाही. कुणीतरी माझे केस धरून तोंड मातीत घासलं. मी शिव्या देत होतो, वडिलांच्या तोंडच्या, मला येतात हे मलाच माहीत नसलेल्या.

"मी सोडली! तार मी सोडली!"

मुलगी बाजेवर उभी राहून किंचाळत होती. हात पुढं केलेला, तळहातावर माझी तांब्याची तार. तिची एक वेणी सुटून खांद्यावर पसरली होती. आल्यापासून ती तशीच माझ्या शेजारी बसलेली होती आणि मी ते बघितलं नव्हतं.

"त्याच्या पायात रुतली होती," ती हुंदके देत म्हणाली. "रक्त यायलं होतं. लय तडफडायला होता. म्हणून मी माझी रिबीन बांधली."

लाकडं थांबली. मी डोळे चोळून ताटली शोधली. ती मातीत पालथी पडली होती आणि शेजारी पंजा, त्यावरची ती काळी पट्टी म्हणजे लाल रिबीन, गाठ मारून वर फूल केलेलं. मरायला निघालेल्या कोंबड्याच्या पायाला तिनं फूल बांधलं होतं.

मामा दगडावर बसले होते. पुतण्यानं भुवईवर हळद दाबून धरली होती तरी रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, माझ्यामुळं झालं. माझीच चूक झाली."

लाकडांनी जे केलं नव्हतं ते या वाक्यानं केलं. तेच शब्द, तोच सूर. आईनं शेजारणीला सांगितलं होतं तसंच, माझ्या मुलीच्या तोंडून.

"न्हाई, माय," मामा म्हणाले. "तू बरं केलंस. मरणाऱ्या जिवाला सुदिक दुखतंय." मग पुतण्याला म्हणाले, "लेकरू उपाशी हाय. दुसऱ्या पातेल्यातलं वाढ तिला." मुलगी नको म्हणाली. बायकोनं मुलीचं दप्तर उचललं, तिचा हात धरला, रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि जी पहिली जीप थांबली तिच्यात बसून दोघी परभणीकडं गेल्या. मी डोळ्यांत तिखट घेऊन मागून गाडी चालवत आलो. घरी माझ्यासाठी खिचडीचं ताट झाकून ठेवलेलं होतं. ते मी एकट्यानं खाल्लं.

आठ दिवसांनी नाक मुठीत धरून मामांकडं गेलो. टाके अजून होते, पायाला पट्ट्या होत्या. मी खाली वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

"तुमच्यावर केस न्हाई केली, ती तुमच्याकडं बघून न्हाई, मिस्तरी. त्या लेकराकडं बघून. ती कधी बी येऊ द्या. तुमी येऊ नका."

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी कुणावर हात उचललेला नाही, पण त्याचं कुणाला काय? बायकोनं शब्द दिला होता आणि तिनं तो माझ्यापेक्षा चांगला पाळला. तेव्हापासून पार्सल. मुलगी आता नांदेडला शिकायला असते. सुट्टीत घरी आली की माझ्याशी हसते, बोलते, दुकानात येऊन तारेचे वेढे मोजून देते. त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही, मीही काढला नाही.

मागच्या महिन्यात बायको तिला भेटायला नांदेडला जाऊन आली. दोघी मायलेकी हॉटेलात जेवल्या. परत आल्यावर ती मला सगळं सांगत होती. पराठे कसे होते, ताक कसं होतं, पोरीनं किती आग्रह केला. मला हेवा वाटत होता, तरी एकेक विचारत होतो.

"कुठं बसला होतात? आत, पंख्याखाली?"

"न्हाई, दारापाशी. आत जागा होती, पण ती म्हणली इथंच बसू." बायको पिशवीची गाठ सोडता सोडता थांबली. "कुठं बी गेली तरी दारापाशीच बसती ती. आन् एक पाय बाहेर काढून. तुमी कधी बघितलं न्हाई का?"

वडिलांच्या ताटाचं मी तिला पूर्वी सांगितलेलं होतं. उंबऱ्याचं मात्र कधी सांगितलं नव्हतं, ना तिला, ना मुलीला. त्या दिवशीही सांगता आलं नाही. तिनं बिर्याणी पातेल्यात ओतली, दोन ताटं घेतली आणि आम्ही जेवायला बसलो.